राखीला सुरू करा, पोळ्याची वाट पाहू नका

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, यवतमाळ जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू शेती, सोयाबीन, पऱ्हाटी, तूर. गेली सहा-सात वर्षं पोळा झाला की शिंका सुरू होतात, सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ दहा-पंधरा. नाकातून पाणी, डोळ्यांना आणि टाळूला खाज, ताप नाही. गावातले डॉक्टर एक इंजेक्शन आणि पुडी देतात. आठ-पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. मागच्या वर्षी सोयाबीन काढताना मशीनजवळ दम लागला आणि रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. दिवाळीनंतर सगळं आपोआप कमी होतं. आई म्हणते, दही-केळं बंद कर. नऊ वर्षांच्या मुलीलाही उन्हाळ्यात कूलर लावला की शिंका येतात. हे जन्मभराचं आहे का? शेती सोडावी लागेल का?

भाऊ, शेती सोडावी लागणार नाही. तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षं कान-नाक-घशाचा दवाखाना चालवतोय. या दुखण्यापायी शेती सोडायची पाळी आलेला माणूस मला क्वचितच दिसला. नको त्या औषधांनी साखर वाढलेले, हाडं ठिसूळ झालेले मात्र पुष्कळ पाहिले.

तुमच्या प्रश्नात निदान जवळजवळ लिहिलेलंच आहे. पोळा आणि दिवाळी. साध्या सर्दीला सण कळत नाहीत. ती कधीही येते, अंग दुखवते, कणकण आणते, नाकातलं पाणी दोन-तीन दिवसांत घट्ट होतं आणि आठवड्याभरात जाते. तुमचं नाक दोन महिने स्वच्छ पाण्यासारखं गळतं, ताप येत नाही, आणि खाज आहे. ही खाज महत्त्वाची. टाळू जिभेने खाजवावीशी वाटते, डोळे चोळून लाल होतात, ते सर्दीचं लक्षण नाही, ॲलर्जीचं आहे. इंग्रजीत याला ‘हे फीवर’ म्हणतात, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. नाव सपशेल चुकीचं, कारण ताप नसतोच, आणि दोष वाळल्या गवताचा नसून परागकणांचा असतो. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टरने १८७३ साली ते सिद्ध करून छापलं. त्याला स्वतःला हाच त्रास होता. उंचावरच्या हवेत पराग असतात का हे पाहायला त्याने चिकट काचा बांधून पतंग उडवले होते.

शरीरात काय होतं ते तुम्हाला जागलीच्या भाषेत सांगतो. रात्री मचाणावर बसलेला राखणदार डोळ्यांत झोप आली की अंधारात काहीही हललं तरी डुक्करच समजतो आणि आपल्याच बैलावर गोटा भिरकावतो. परागकण निरुपद्रवी असतो, तो बैलच. पण तुमच्या शरीराने त्याला एकदा डुक्कर ठरवलं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून नाकातल्या पेशींवर बसवून ठेवली. आता कण आला की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं, आणि शिंका, पाणी, खाज सुरू. हे पहिल्या काही मिनिटांत. चार-सहा तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात नाकाचं अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. गोळी पहिल्या लाटेवर चांगली चालते, दुसरीवर फारशी नाही. अर्धे पेशंट इथेच चुकतात, त्याकडे पुढे येतो.

आता डुक्कर ठरवलेला हा बैल कोणता? लोक डोळ्यांत भरणाऱ्या फुलांवर संशय घेतात. पळस फुलला की शिंका आल्या म्हणतात. पळसाचा पराग जड आणि चिकट, तो पाखरं आणि कीटक नेतात, हवेवर फारसा उडत नाही. त्रास देणारी झाडं दिसायला दरिद्री असतात. फूल लक्षात येत नाही, पण पराग हलका आणि पोत्याने. तुमच्या महिन्यांत पहिला संशय गाजर गवतावर. हे मेक्सिकोकडचं तण आपल्या देशात पुण्याला सापडल्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली छापली गेली, आणि आज गावठाणापासून धुऱ्यापर्यंत ते नाही अशी जागा दाखवता येत नाही. पावसाळ्यात उगवतं, महिनाभरात पांढरी बारीक फुलं धरतं आणि पोळ्याच्या सुमारास ऐन भरात असतं. त्याच्याच जोडीला हराळीपासून कुंद्यापर्यंतची गवतं भाद्रपद-आश्विनात निसवतात. दिवाळीनंतर हे सगळं वाळतं. तुमचं नाकही तेव्हाच कोरडं होतं, हा योगायोग नाही.

गाजर गवत काहींच्या कातडीलाही लागतं. मान, पापण्या, कोपरांची आतली बाजू अशा ठिकाणी खाज सुटून कातडी जाड आणि काळपट होते. तुम्हाला तसं काही असेल तर ते तण तुम्ही उपटू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला हातमोजे घालून फुलोऱ्याआधी उपटू द्या. शेवंती आणि सूर्यफूल त्याच्याच कुळातली, तीही अशा माणसाला कधीकधी बाधतात. आणि एक गोष्ट आपल्याकडे फुकट आहे: तरोटा. ज्याची कोवळी भाजी आपण पहिल्या पावसात खातो तोच तरोटा दाट वाढला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. पडीक जागेत, कोठ्याच्या मागे, धुऱ्यावर त्याचं बी फेकून ठेवा. पिकात मात्र नको, तिथे तोही तणच.

पण मशीनजवळ जो दम लागला तो एकट्या गाजर गवताचा नाही. सोयाबीनच्या टरफलाची धूळ ही स्वतंत्र भानगड आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण अचानक झुंडीने दवाखान्यात यायचे. कारण कुणालाच कळेना. शेवटी तारखा जुळवल्यावर लक्षात आलं, की बंदरात सोयाबीनचं जहाज रिकामं होतं त्याच दिवशी हे घडतं. कोठाराला गाळणी बसवल्यावर साथी थांबल्या. तिथे शहरभर विरलेल्या धुळीने हे झालं, तुम्ही तर मशीनच्या तोंडाशी उभे असता. (सोयाबीनचं तेल किंवा वड्या खाण्याशी याचा संबंध नाही, ते बंद करू नका.) त्यात काढणीच्या तोंडावर पाऊस आला आणि शेंगा काळ्या पडल्या की त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. मशीनमधून काळा धूर निघाल्यासारखी धूळ निघते ना, ती हीच. परागकण त्या मानाने मोठा, दहा-वीस मायक्रॉनचा किंवा त्याहून जास्त, बराचसा नाकातच अडकतो. काही बुरश्यांचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, ते थेट छातीत उतरतात.

म्हणून दुपट्ट्याचं सांगतो. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा परागाला बऱ्यापैकी अडवतो, त्यामुळे धुऱ्यावरून जाता-येता तो पुरे. मळणीच्या दिवशी तो कामाचा नाही, त्या दिवशी एन-९५ मास्क नाकावर घट्ट दाबून लावा आणि जमलं तर वारा येतो त्या बाजूला उभे राहा. पेंढ्या टाकण्याचं काम अंगावर घ्या, कुटाराच्या तोंडाशी दुसऱ्याला उभं करा. आपल्याकडे सगळे एकमेकांच्या मळणीला जातात. एकदा सांगून पाहा, कुणी नाही म्हणत नाही. संकोच मात्र आपलाच असतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत, त्या ॲलर्जीच्या नावाखाली लपतात. पहिली: ओलं, बुरसलेलं कुटार उपसल्यावर चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप आला, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर ते फुप्फुसाचं दुखणं आहे. गंमत अशी, की गवताच्या तापात ताप नाही आणि यात खरोखरीचा ताप आहे. तो दर वेळी मलेरिया समजून अंगावर काढला तर फुप्फुस कायमचं खराब होतं. दुसरी अधिक तातडीची: फवारणी. कपाशीवर फवारून आल्यावर नाक-डोळे गळायला लागले तर ‘नेहमीची ॲलर्जी’ म्हणून झोपू नका. तोंडाला लाळ, दरदरून घाम, मळमळ, छाती आवळणं, धूसर दिसणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं यातलं काहीही सोबत असेल तर ती विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठा. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते तुम्हाला सांगायला नको.

आता इंजेक्शन. आठ-पंधरा दिवस जादू व्हावी असं जे इंजेक्शन असतं आणि पुडीत ज्या बारीक पांढऱ्या गोळ्या असतात, ते बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. मी डॉक्टरला शिव्या देत नाही. ओळीत पन्नास माणसं, प्रत्येकाला संध्याकाळी वावरात जायचंय, आणि पेशंट स्वतःच म्हणतो, ‘सुई द्या’. पण दर हंगामात चार-पाच सुया आणि पुड्या सहा-सात वर्षं म्हणजे साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, हाडं या सगळ्यांशी खेळ आहे. घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर त्या माणसाला असली सुई तपासल्याशिवाय अजिबात नको, तिने कळा उठू शकतात. तुम्ही एकदा उपाशीपोटी साखर तपासून घ्या. पुडी सलग पंधरा-वीस दिवसांपेक्षा जास्त चालू असेल तर ती एकदम तोडू नका, डॉक्टरला विचारून उतरवत आणा.

तुमच्या दुखण्याचं मुख्य औषध नाकात मारायचा स्प्रे आहे. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. तेही स्टेरॉइडच, हे लपवत नाही, पण मात्रा मायक्रोग्रॅमची आणि काम नाकापुरतं, अंगात जवळजवळ उतरत नाही. दुसऱ्या लाटेची जी सूज म्हटली ती यानेच थांबते. लोक मात्र तो दोन दिवस मारतात, ‘काही फरक नाही’ म्हणून खिडकीत ठेवून देतात. त्याला पूर्ण जोर धरायला पंधरा दिवस लागतात. म्हणून तो त्रास सुरू झाल्यावर नाही, आधी सुरू करायचा. राखीपौर्णिमा ते पोळा साधारण पंधरा दिवस. राखी बांधून घेतली की त्याच रात्री पहिला फवारा, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत रोज. मोठ्या माणसाला सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा. आराम पडला की एक-एक.

मारण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. मान वर करू नका, थोडी खाली, पायाकडे बघितल्यासारखी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. जोरात ओढू नका, तपकीर नाही ती. जोरात ओढलं की औषध घशात जातं, आणि पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं. माझ्याकडे ‘स्प्रे लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी माझ्यासमोर मारून दाखवायला लावतो. बऱ्याच जणांचं औषध तिथेच बदलावं लागत नाही.

गोळी लागेल तेव्हा जोडीला. लिव्होसेटिरिझिन रात्री झोपताना, किंवा झोप कमी आणणारी फेक्सोफेनाडिन. जुन्या पद्धतीची सीपीएमची स्वस्त गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसू नका आणि मळणी यंत्राजवळ तर मुळीच जाऊ नका. तिथे एक डुलकी म्हणजे हात. फेक्सोफेनाडिनची एक गंमत आपल्या भागाशी फार संबंधित आहे. संत्र्याच्या रसाबरोबर ती पोटातून नीट शोषलीच जात नाही. संत्रा खा, पण गोळी साध्या पाण्याने घ्या आणि रस काही तास लांब ठेवा. मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी हल्ली सर्रास देतात. वाईट स्वप्नं, चिडचिड, मन उदास होणं असं काही जाणवलं तर ती बंद करून सांगा. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० साली तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. साध्या नाकाच्या ॲलर्जीला मी ती पहिल्या फळीत देत नाही. डोळे फार खाजले तर गार पाण्याने धुवा, आणि दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, त्याने डोळ्यातला दाब वाढतो.

नाक मोकळं करणारे थेंब दोन मिनिटांत काम करतात, म्हणून सगळ्यांचे लाडके. पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की नाक त्यांच्यावाचून उघडतच नाही. वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारे मास्तर, कंडक्टर, पुढारी मी पाहिलेत. त्यापेक्षा मिठाचं पाणी बरं: पाव लिटर पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून कोमट होऊ द्या, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ, आणि संध्याकाळी वावरातून आल्यावर नाक धुवा. उकळलेलंच पाणी हवं. विहिरीचं, टाकीचं कच्चं पाणी नाकात वर चढवलं तर क्वचित एक अमीबा मेंदूपर्यंत जातो आणि त्यातून माणूस सहसा वाचत नाही. आणि आधी पाणी, मग स्प्रे. उलटं केलं तर स्प्रे वाहून जाईल.

घरी आल्यावर कामाचे कपडे बाहेरच काढा, अंघोळीत डोकंही धुवा, निदान ओल्या हाताने केस पुसा. दिवसभराचा पराग केसांत घेऊन उशीवर झोपलं की रात्रभर तोच नाकात. दारं-खिडक्या बंद करून घरात बसा, हा शहरी सल्ला मी तुम्हाला देत नाही. त्या दोन महिन्यांत अंगणात बाज टाकून झोपणं मात्र टाळा.

आईचं दही-केळं. आईशी वाद घालू नका, पण दोन्ही खा. ज्यांना एखादा पदार्थ खरोखर बाधतो त्यांचं अंग पित्तासारखं फुलतं, ओठ सुजतात, ते वर्षभर होतं, पोळ्यापुरतं नाही. वाफ घ्यायची तर मोठ्यांनी घ्या, लेकरांना उकळत्या भांड्यावर बसवू नका. दर हिवाळ्यात भाजलेली पोरं येतात.

छातीकडे वळतो, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलेलं वाक्य ते शिट्टीचं आहे. नाक आणि फुप्फुस ही एकच नळी, वरचं टोक आणि खालचं टोक. नाकाची ॲलर्जी असलेल्या पुष्कळांना पुढे दमा धरतो आणि नाक सांभाळलं तर दमाही आटोक्यात राहतो. तेव्हा या हंगामाआधी एकदा छाती तपासून घ्या, फुंकर मारायची स्पायरोमेट्रीची चाचणी करा. इन्हेलर लिहून दिला तर ‘सवय लागते’ म्हणून नाकारू नका. सवय लागत नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागते, तेवढीच. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर थुंकी तपासा, ॲलर्जी आहे म्हणून क्षयरोग होत नाही असं नाही. रात्रीचा खोकला आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फारच वाढलेल्या असतील तर आपल्या भागात हत्तीरोगाच्या जंतूंचाही विचार करावा लागतो, त्याचं औषध वेगळं. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे दिसत असतील, तर घरी पुडी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

मुलीचं दुखणं तुमच्यासारखं दिसलं तरी कारण वेगळं असावं. कूलर. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात भिजलेला, नंतर आठ महिने कोपऱ्यात पडून राहिलेला वाळा, त्याच्यावर धूळ आणि बुरशी, आणि होळीनंतर पाणी भरून पंखा सुरू केला की पहिला झोत तिच्याच तोंडावर. दर वर्षी वाळा नवा घाला, टाकी खरडून धुवा, उन्हात वाळवा, पहिले दोन-तीन तास खोलीत कुणी नसताना चालवा. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसा, डासही कमी होतील. खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, दमट कोंदट हवेत गादीतले सूक्ष्म किडेही माजतात. तिचीच गादी-गोधडी उन्हात टाकून बडवा, पण बडवताना ती तिथे नको. एवढं करूनही ती तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तळव्याने नाक वर चोळायची सवय लागून नाकावर आडवी रेघ उमटली असेल, तर तिला घेऊन या. मुलांचा स्प्रे वेगळा, मात्रा निम्मी.

जन्मभराचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर हो आणि नाही. कल राहतो, त्रास राहायलाच हवा असं नाही. वय वाढेल तसा काहींचा आपोआप ओसरतो. दोन हंगाम स्प्रे नीट वापरूनही भागलं नाही, तर टोचून चाचणी करून नेमका पराग ओळखायचा आणि त्याचीच वाढती मात्रा देऊन शरीराला सरावायचं, असा उपचार आहे. १९११ साली लंडनमध्ये सुरू झाल्यापासून तो चालत आलेला आहे. पण तीन ते पाच वर्षं चिकाटीने घ्यावा लागतो, दमा आटोक्यात असावा लागतो आणि प्रत्येक मात्रेनंतर अर्धा तास दवाखान्यात बसावं लागतं. रक्त तपासून शंभर-दोनशे पदार्थांची महागडी यादी करून देणाऱ्यांकडे आधी जाऊ नका. त्या यादीत वांगं, तूर, गहू असं काहीबाही निघतं आणि माणूस विनाकारण उपाशी मरतो.

चाचणीची वेळ आलीच तर ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर हातावर काहीच उमटत नाही. नाकाचा स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. तोवर कॅलेंडरवर रोज एक खूण करत चला: शिंका किती, त्या दिवशी काम कोणतं, निंदण, फवारणी, सोंगणी की मळणी. येताना ते कॅलेंडर आणि इंजेक्शनची रिकामी कुपी, दोन्ही घेऊन या.